माणसे कुणाच्या खात्यावर?

माफी कुणाला देतात? ज्याच्या हातून गुन्हा घडला असेल, त्याला. पण ३० जुलै १९४१ रोजी लंडनमध्ये ज्या करारावर सह्या झाल्या, त्याने लाखो माणसांना एका न केलेल्या गुन्ह्याची माफी देऊन टाकली. सह्या करणारे दोघे होते. एक पोलंडच्या परागंदा सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की आणि दुसरे सोव्हिएत रशियाचे लंडनमधले राजदूत मायस्की. शेजारी यजमान म्हणून चर्चिल आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री ईडन. रशियाच्या तुरुंगांत आणि श्रमछावण्यांत अडकलेल्या सर्व पोलिश नागरिकांना 'अ‍ॅम्नेस्टी' मिळेल, असे त्या कराराच्या जोडपत्रात लिहिले होते. या माणसांचा अपराध काय होता? १९३९ च्या सप्टेंबरात ती आपापल्या घरी राहत होती, एवढाच.

ही गोष्ट आज काढण्याचे कारण असे, की त्या माफी मिळालेल्या माणसांपैकी सुमारे पाच हजार जणांना पुढे आपल्या कोल्हापुराशेजारी, वळिवड्याला आणून ठेवले होते. पोलिश छावणीची हकीकत कोल्हापूरकरांना नवी नाही. दर काही वर्षांनी वर्तमानपत्रांतून छायाचित्रांसह ती येते. गोऱ्या मुली, कौलारू बराकी, पंचगंगेचा काठ आणि म्हाताऱ्या झालेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांतले पाणी. ते सगळे खरेच आहे आणि त्यात कोल्हापूरने अभिमान बाळगावा असेही पुष्कळ आहे. पण ही माणसे वळिवड्याला का आली आणि पाच वर्षांनी इथून निघताना त्यांना परत जायला देशच का उरला नव्हता, हे त्या छायाचित्रांत दिसत नाही. ते दिसते करारांच्या कागदांत. मी तेहेतीस वर्षे बँकेत काढली, मधल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. कागद वाचायची सवय दोन्हीकडून लागलेली. तेव्हा थोडे कागदच वाचू.

सुरुवात हमीपत्रापासून करावी लागेल. ३१ मार्च १९३९ रोजी ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांनी पोलंडच्या स्वातंत्र्याला हमी दिली. २५ ऑगस्टला तिचे रूपांतर रीतसर करारात झाले. 'एखाद्या युरोपीय सत्तेने' आक्रमण केल्यास ब्रिटन पोलंडच्या मदतीला धावेल, असे त्यात होते. सोबत एक गुप्त पुरवणी होती आणि त्या पुरवणीत 'युरोपीय सत्ता' म्हणजे जर्मनी असा खुलासा होता. आमच्याकडे एखादा जामीनदार अशी सही करून गेला असता, तर वसुलीच्या वेळी काय होणार हे नवशिक्या कारकुनानेही सांगितले असते. या करारापूर्वी दोनच दिवस, २३ ऑगस्टला, मोलोतोव आणि रिबेनट्रॉप यांनी मॉस्कोत आपला करार केला होता. त्यालाही एक गुप्त पुरवणी होती आणि तीत पोलंडची वाटणी होती. १ सप्टेंबरला हिटलर पश्चिमेकडून शिरला, १७ सप्टेंबरला स्टालिन पूर्वेकडून. हमी पहिल्या आक्रमणाला लागू झाली, दुसऱ्याला नाही.

मुलूख घेतला की त्यावरच्या माणसांचे काय करायचे, हा प्रश्न येतो. स्टालिनने तो कलमाने सोडवला. २९ नोव्हेंबर १९३९ च्या हुकुमाने पूर्व पोलंडातली सगळी माणसे सोव्हिएत नागरिक झाली. कुणी अर्ज केला नव्हता, कुणाला विचारलेही नव्हते. रात्री पोलिश म्हणून झोपलेला माणूस सकाळी सोव्हिएत होऊन उठला. मग १० फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत चार खेपांत तिथली कुटुंबे मालगाड्यांत भरून उत्तरेकडे आर्खांगेल्स्कच्या जंगलांत, सैबेरियात आणि कझाकस्तानात पाठवली गेली. जमीन कसायला आलेले माजी सैनिक, वनरक्षक, शिक्षक, पोलीस, तुरुंगात टाकलेल्यांच्या बायका आणि मुले. किती माणसे नेली याचा वाद अजून मिटलेला नाही. सोव्हिएत दप्तरातले आकडे सव्वातीन लाखांच्या आसपास जातात. परागंदा पोलिश मंडळी दहा लाखांच्या वर सांगत. दप्तराचा आकडा म्हणजे सत्य नव्हे, हे खरे. पण आठवणीतला आकडाही सत्य असतोच असे नाही. कमीतला कमी आकडा धरला तरी एका मोठ्या शहराएवढी वस्ती रेल्वेत घालून नाहीशी केली, एवढे पुरे आहे.

२२ जून १९४१ ला हिटलरने रशियावर हल्ला केला आणि ब्रिटनला एका रात्रीत नवा मित्र मिळाला. जुना मित्र पोलंड, नवा मित्र रशिया, आणि नव्याने जुन्याचे अर्धे घर बळकावलेले. अशा वेळी मध्यस्थ काय करतो, हे ज्यांनी भाऊबंदकीतल्या वाटण्या पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. तो म्हणतो, बांधाचे नंतर बघू, आधी बोलायला तर लागा. सिकोर्स्की-मायस्की करार नेमका तसा होता. १९३९ चे जर्मनीबरोबरचे करार पोलंडच्या मुलखापुरते रद्द झाले, असे रशियाने कबूल केले; पण सीमा कुठली, हे लिहिलेच नाही. त्यावरून सिकोर्स्कींच्या मंत्रिमंडळातले तिघे बाहेर पडले, परराष्ट्रमंत्री झालेस्की त्यांतलेच एक. ईडन यांनी पोलिशांना एक पत्र दिले: ऑगस्ट १९३९ नंतर पोलंडात झालेले मुलखाचे बदल ब्रिटन मानत नाही. आणि त्याच दिवशी कॉमन्स सभेत प्रश्न आल्यावर सांगितले, की यात सीमांची हमी दिलेली नाही.

मला वाटते, सिकोर्स्कींपुढे दुसरा मार्ग नव्हता. सीमेसाठी अडून बसले असते, तर छावण्यांतली माणसे थंडीत मेली असती. सीमा सोडून दिल्याने निदान काही माणसे सुटली. त्यांना 'घाईने सही करणारा' म्हणून दोष देणारे पोलिश इतिहासकार आहेत. पण त्या वेळी सैबेरियात ज्यांची आई होती, त्यांनी तो दोष दिला असता असे वाटत नाही.

छावण्यांची दारे उघडली. जनरल अँडर्स यांना मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगातून काढून पोलिश फौज उभी करायला सांगितले. बातमी ऐकून माणसे दक्षिणेकडे निघाली. जिथे फौज तिथे भाकरी, एवढाच हिशेब. उझबेकिस्तानपर्यंत पोचताना आणि पोचल्यावर टायफसने असंख्य मेली. इकडे कुइबिशेव शहरात पोलिश राजदूत स्तानिस्वाव्ह कोट आणि सोव्हिएत उपपरराष्ट्रमंत्री विशिन्स्की यांच्या वाटाघाटींच्या फेऱ्या झडत होत्या. विशिन्स्की हे नाव ध्यानात ठेवावे. १९३६ ते ३८ च्या मॉस्को खटल्यांतले सरकारी वकील ते हेच, आणि ते पुढे पुन्हा भेटणार आहेत.

वादाचा विषय वरवर पाहता साधा होता. 'पोलिश नागरिकांना' माफी, म्हणजे कुणाला? १ डिसेंबर १९४१ च्या पत्रात सोव्हिएत सरकारने कळवले, की पूर्वेकडच्या मुलखातले जे वंशाने पोल आहेत, त्यांना आम्ही सद्भाव म्हणून पोलिश समजू. तिथले युक्रेनी, बेलोरशियन आणि ज्यू मात्र २९ नोव्हेंबर १९३९ च्या हुकुमाने सोव्हिएत. म्हणजे ल्वुव शहरात एकाच जिन्यावर समोरासमोर राहणारी दोन कुटुंबे, दोघांचा पासपोर्ट एकाच कचेरीतला, एकाच मालगाडीतून नेलेली. त्यांतले एक सुटायचे आणि दुसरे अडकायचे. त्याच डिसेंबरात पोलंडातल्या ज्यू समाजवादी पक्षाचे दोन पुढारी, एर्लिख आणि आल्टर, यांना कुइबिशेवमध्ये पुन्हा अटक झाली. पोलिश वकिलातीने विचारणा केली, तर उत्तर आले की ते सोव्हिएत नागरिक आहेत, तुमचा संबंध नाही. त्यांना मृत्युदंड झाल्याचे फेब्रुवारी १९४३ मध्ये सोव्हिएत राजदूताने अमेरिकेतल्या कामगार नेत्यांना कळवले. मित्रराष्ट्रांपैकी कुणी आवाज चढवला नाही. स्टालिनग्राड नुकतेच जिंकले होते.

डिसेंबर १९४१ मध्ये सिकोर्स्की आणि अँडर्स क्रेमलिनमध्ये स्टालिनला भेटले. फौजेसाठी अधिकारी हवे होते आणि हजारो पोलिश अधिकाऱ्यांचा ठावठिकाणा लागत नव्हता. यादीच बरोबर नेली होती. स्टालिनने सांगितले, पळाले असतील. कुठे, असे विचारल्यावर मांचुरियाचे नाव घेतले. त्या माणसांना गोळ्या घालायच्या ठरावावर ५ मार्च १९४० रोजी त्याची स्वतःची सही झालेली होती. सुमारे बावीस हजार माणसे. सोव्हिएत रशियाने हे कबूल केले एप्रिल १९९० मध्ये, आणि मूळ ठरावाचा कागद येल्त्सिन यांनी पोलंडच्या हाती दिला ऑक्टोबर १९९२ मध्ये.

१९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि नंतर ऑगस्टमध्ये कास्पियन समुद्रावरच्या क्रास्नोवोद्स्क बंदरातून बोटी सुटल्या आणि इराणच्या पहलवी बंदराला लागल्या. फौज आणि तिच्या आडोशाने आलेल्या बायका-मुले मिळून सुमारे १ लाख १५ हजार माणसे बाहेर पडली. नंतर दार बंद झाले. जी मागे राहिली त्यांच्यासाठी १६ जानेवारी १९४३ ला नवे पत्र आले: वंशाने पोल असलेल्यांना दिलेली सवलतही रद्द. त्या मुलखातले सगळेच आता सोव्हिएत. वसंत ऋतूत घरोघर पासपोर्ट वाटले गेले. ज्यांनी घेतले नाहीत ते तुरुंगात गेले.

म्हणजे १९४३ च्या जूनमध्ये वळिवड्याच्या स्टेशनावर पहिल्या गाडीतून उतरलेली एखादी बाई मॉस्कोच्या वहीत सोव्हिएत होती, लंडनच्या वहीत पोलिश होती. उतरली होती कोल्हापूर संस्थानच्या जमिनीवर, ज्या संस्थानावर सार्वभौम सत्ता होती ब्रिटिश बादशहाची. आणि तिच्या जेवणाचा खर्च पडत होता पोलिश सरकारच्या नावावर, जे तो ब्रिटिशांकडून कर्जाऊ घेऊन भागवत होते. एका बाईच्या शिध्याला चार खाती!

आणि ती हिंदुस्थानातच का आली? कारण इराणला ही माणसे नको होती. ऑगस्ट १९४१ पासून इराण ब्रिटिश आणि रशियन फौजांनी व्यापलेला, तिथे धान्याचा तुटवडा. मग लंडनची खाती एकमेकांना पत्रे लिहू लागली. वसाहत खात्याने पूर्व आफ्रिकेतल्या युगांडा, टांगानिका, ऱ्होडेशियात जागा काढल्या. मेक्सिकोने काही घेतली. न्यूझीलंडने १९४४ मध्ये ७३३ मुले घेतली. ज्यू मुलांचा एक तांडा पॅलेस्टाइनला जायचा होता, तर इराकने वाट दिली नाही. म्हणून तेहरानहून पॅलेस्टाइन गाठायला त्या पोरांना कराचीमार्गे समुद्रातून वळसा घालावा लागला. हिंदुस्थानात सर्वांत आधी पुढे आले नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी. १९४२ मध्ये अश्काबाद आणि मशहदवरून मोटारीने आणलेली अनाथ मुले काही महिने मुंबईत वांद्र्याला राहिली आणि मग जामसाहेबांनी त्यांना बालाचडीच्या किनाऱ्यावर घर दिले. मुंबईतले पोलिश कॉन्सल बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा यांनी या सगळ्यासाठी जी खटपट केली, तिला तोड नाही. कीराबाई पुढे भारतातच राहिल्या.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आपण फार लवकर स्वतःची पाठ थोपटून घेऊ. १९४२ मध्येच ब्रह्मदेशातून काही लाख हिंदी माणसे पायी जंगले तुडवत येत होती आणि त्यांच्यासाठी सरकारची व्यवस्था कशी होती, हे त्या वाटेवर जे मेले त्यांनाच ठाऊक. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. वळिवड्यात शिधा नियमित होता. याचा दोष त्या पोलिश बायकांचा नाही. त्या दोन वर्षे उपाशी राहून आल्या होत्या. पण जे सरकार एका छावणीत डॉक्टर आणि दूध पोचवू शकत होते, ते दुसरीकडे काय करत होते, हा प्रश्न तेव्हाच्या हिंदी माणसाच्या मनात आला नसेल कसा?

तरी कोल्हापूरकरांनी तो प्रश्न त्या बायकांना विचारला नाही. १९९० च्या सुमारास मी कोल्हापूर भागात होतो आणि गांधीनगरच्या कापड बाजारात माझे रोजचे जाणे-येणे असे. आमच्या शाखेतल्या जुन्या शिपायाला सगळे मामा म्हणत. त्यांची आई छावणीत अंडी घेऊन जायची. "साहेब, आईला त्यांची भाषा येत न्हवती आन् त्यास्नी आमची," मामा सांगत. "पर उधारी कदी बुडली न्हाई बघा." बँकेतल्या माणसापुढे याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणी काय देणार! छावणीला स्वतःची शाळा होती, चर्च होते, दवाखाना, नाटकघर, बालवीरांची पथके होती. पुरुष थोडे. जे तरुण होते ते अँडर्सच्या फौजेत इटलीत लढत होते. १८ मे १९४४ ला माँते कासिनोच्या मठावर पोलिश निशाण चढले. त्याच आठव्या आर्मीत आपले मराठाही होते; माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे त्याच इटलीत, त्याच वर्षीच्या १० जुलैला पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता पुन्हा एप्रिल १९४३ कडे जाऊ, कारण तो महिना विलक्षण आहे. १३ तारखेला जर्मन रेडिओने कातिनच्या जंगलातल्या सामूहिक कबरींची बातमी दिली. पोलिश सरकारने आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे चौकशी मागितली. तेवढे निमित्त करून २५ तारखेला रशियाने पोलिश सरकारशी संबंध तोडले. मित्राच्या खुनाची चौकशी मागणारा शत्रूचा हस्तक ठरला. त्याच दिवसांत, १९ ते ३० एप्रिल, ब्रिटन आणि अमेरिकेचे प्रतिनिधी बर्म्युडा बेटावर निर्वासितांच्या प्रश्नावर वाटाघाटी करत होते. युरोपातले ज्यू मारले जात आहेत हे दोघांनाही ठाऊक होते. मित्रराष्ट्रांनी डिसेंबर १९४२ मध्ये तसे जाहीर निवेदनही काढले होते. अमेरिकेने आपला प्रवेशाचा कोटा चर्चेबाहेर ठेवला, ब्रिटनने पॅलेस्टाइन. मग चर्चेत उरले काय? ज्या दिवशी परिषद भरली त्याच १९ तारखेला वॉर्साच्या घेट्टोत उठाव सुरू झाला होता. परागंदा पोलिश संसदेतले ज्यू सभासद श्मुल झिगिएल्बोइम यांनी १२ मे रोजी लंडनमध्ये आत्महत्या केली. जगाच्या स्वस्थ बसण्याचा निषेध म्हणून आपण मरत आहोत, असे चिठ्ठीत लिहून ठेवले.

जुलैत सिकोर्स्की जिब्राल्टरला विमान अपघातात गेले. नोव्हेंबरात तेहरानला चर्चिल, रूझवेल्ट, स्टालिन भेटले, तेव्हा चर्चिल यांनी काड्यापेटीतल्या तीन काड्या टेबलावर ठेवल्या आणि पोलंड पश्चिमेला कसा सरकवता येईल ते दाखवले. स्टालिनला ते आवडले. पोलंडचा माणूस त्या खोलीत नव्हता. सिकोर्स्कींच्या जागी आलेले मिकोवाइचिक ऑक्टोबर १९४४ मध्ये मॉस्कोला सीमेसाठी भांडायला गेले, तेव्हा मोलोतोवने सर्वांसमक्ष सांगितले की हे तर तेहरानलाच ठरले. आपल्या मालमत्तेचा व्यवहार वर्षापूर्वीच झाला, हे मालकाला खरेदीदाराकडून कळावे, तसे.

फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेने कर्झन रेषेवर शिक्का मारला. वळिवड्यातल्या बहुतेकींची घरे त्या रेषेच्या पूर्वेला होती. ५ जुलै १९४५ ला ब्रिटन आणि अमेरिकेने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली. त्याच क्षणी लंडनचे पोलिश सरकार कायद्याच्या दृष्टीने काही खासगी गृहस्थांची मंडळी उरले आणि मुंबईच्या कॉन्सलची मान्यता गेली. छावणीच्या खर्चाची व्यवस्था लंडनमधल्या एका हंगामी समितीकडे, मग संयुक्त राष्ट्रांच्या मदत संघटनेकडे गेली. बायकांच्या हातातले पासपोर्ट मात्र जुन्या सरकारचे.

पण याल्टात आणखी एक करार झाला होता. मित्रफौजांना सापडलेले सोव्हिएत नागरिक परत पाठवायचे, असा. त्याच्या अंमलात हजारो माणसांना संगिनीच्या टोकावर गाड्यांत चढवून रशियाच्या हवाली केले गेले आणि ते ब्रिटिश इतिहासातले एक काळे पान आहे. मग वळिवड्याच्या बायका कशा वाचल्या? मॉस्कोच्या हिशेबात त्याही सोव्हिएतच होत्या. त्या वाचल्या एका तारखेमुळे. सोव्हिएत नागरिक कोण, तर १ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत हद्दीत असलेला, असा अर्थ ब्रिटन आणि अमेरिकेने लावला. आम्ही बँकेत त्याला व्हॅल्यू डेट म्हणतो; नोंद केव्हा का होईना, हिशेब कुठल्या तारखेपासून धरायचा ते महत्त्वाचे. ज्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मुलूख देऊन टाकला, त्यांनीच माणसांपुरती जुनी तारीख कायम ठेवली. यात लाज होती, माणुसकी होती की अँडर्सच्या फौजेची भीती होती, हे सांगणे कठीण. तिन्ही थोडे थोडे असावे.

फेब्रुवारी १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांची आमसभा लंडनला भरली. ज्याची हरकत सबळ आहे अशा निर्वासिताला मायदेशी जाण्याची सक्ती करावी की नाही, यावर वाद झाला. एका बाजूला एलिनॉर रूझवेल्ट, दुसऱ्या बाजूला आपले जुने परिचित विशिन्स्की. त्यांचे म्हणणे, परत जायला नकार देणारे ते सगळे देशद्रोही. ठराव बाईंच्या बाजूने झाला: सक्ती करता येणार नाही. १९५१ च्या निर्वासित कराराचे एक मूळ या वादात आहे. त्या करारावर भारताने आजवर सही केलेली नाही, हे जाता जाता.

वॉर्साच्या सरकारने २६ सप्टेंबर १९४६ ला अँडर्स आणि इतर पंचाहत्तर अधिकाऱ्यांचे नागरिकत्व काढून घेतले. वळिवड्याहून काही जणी पोलंडला गेल्या, पण त्यांचे गाव जिथे होते त्या पोलंडला नव्हे. ज्यांचे नवरे वा मुलगे ब्रिटिश हुकुमतीखालच्या पोलिश फौजेत होते, त्यांना ब्रिटनमध्ये जागा मिळाली. १९४७ साली तिथल्या पार्लमेंटने त्यासाठी खास कायदा केला. बाकीच्या ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा पांगल्या. काहींनी इथेच लग्ने केली. १९४८ च्या आरंभी छावणी रिकामी झाली.

रिकामी राहिली मात्र नाही. सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकी दिल्या गेल्या आणि तेच आजचे गांधीनगर. एका शेठजींचे कॅश क्रेडिटचे खाते आमच्याकडे होते. तारण म्हणून त्यांनी एकदा जुने कागद आणले. त्यांत १९५४ च्या निर्वासित भरपाई कायद्याखालच्या क्लेमची नक्कल होती, शिकारपूरच्या हवेलीची. मी म्हटले, "शेठ, हा कागद आता बँकेला चालायचा नाही." ते म्हणाले, "मालूम आहे साहेब. तुमच्यासाठी नाही आणला, तुम्हाला दाखवायला आणला." मग सांगू लागले, की लहानपणी बराकीच्या भिंतीवर खडूने काढलेली परकी अक्षरे होती, आई ती पुसू देत नसे. तिला वाचता येत नव्हती. कुणीतरी घर सोडताना लिहिले असेल, म्हणायची.

कोल्हापुरात महावीर उद्यानात त्या माणसांच्या आठवणीचा स्तंभ आहे. वॉर्सातही वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी पोलंडला गेले तेव्हा त्यांनी तिथे आणि जामसाहेबांच्या स्मारकापुढे पुष्पचक्र वाहिले. त्याआधी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर लाखो बायका-मुले ल्वुवच्या, म्हणजे आजच्या ल्विवच्या, स्टेशनातून पोलंडच्या सीमेवर आली आणि पोलिश माणसांनी त्यांना आपल्या घरांत घेतले. आपले विद्यार्थीही त्याच वाटेने बाहेर पडले. युरोपीय संघाने ४ मार्च २०२२ ला, म्हणजे आठवडाभरात, त्या युक्रेनी माणसांना तात्पुरते संरक्षण दिले. पासपोर्टाच्या तारखेचा वाद कुणी घातला नाही.

उत्तरेच्या सीमेवर मात्र गोष्ट वेगळी. २०२१ पासून बेलारूसचे सरकार पश्चिम आशियातली आणि आफ्रिकेतली माणसे जंगलातून पोलंडकडे ढकलते आहे, हे पोलंडचे म्हणणे खोटे नाही. माणसांचा हत्यारासारखा वापर कसा करतात, हे त्या देशाइतके कुणाला ठाऊक असणार? त्यावर मार्च २०२५ मध्ये पोलंडने कायदा करून त्या सीमेवर आश्रयाचे अर्ज घेणे स्थगित करण्याचा अधिकार सरकारला दिला. ती सीमा बऱ्याच अंतरापर्यंत जुन्या कर्झन रेषेच्या आसपासच जाते. कायद्याला काही अपवाद ठेवले आहेत: एकटी मुले, गर्भवती स्त्रिया, वयाने वा आजाराने खचलेली माणसे. १९४३ साली वळिवड्याच्या स्टेशनावर ज्या गाड्या लागल्या, त्यांतून उतरलेली पुष्कळशी माणसे याच यादीतली होती.